डोकं झोंबी खात नाहीत, वाचक खातात

‘मार्व्हल झोंबीज’ या, सुपरहिरोच झोंबी झालेल्या कॉमिकचा विषय निघाला की कुणीतरी नाक मुरडतंच. "शी, नुसता रक्तामांसाचा चिखल!" अरे बाबा, वाचलंस तरी का? यातले झोंबी बिनडोक नाहीत, तीच तर खरी भीती आहे. बुद्धी, आठवणी, फालतू विनोद, सगळं शाबूत! पोट भरलं की स्पायडरमॅन मे काकूला आणि मेरी जेनला खाल्लं म्हणून रडतो, भूक लागली की पुन्हा निघाला शिकारीला. शास्त्रज्ञ सुपरहिरो हँक पिम तर दुसऱ्या सुपरहिरोला, ब्लॅक पँथरला, जिवंत ठेवून तुकड्यातुकड्यानं खातो. बेगमी म्हणून! यावर कुणी बोलेल? छे. चर्चा कसली, तर "हल्कला दात लागतीलच कसे?"

दुसरे महाभाग म्हणतात, "ही ‘वॉकिंग डेड’ या झोंबी-कॉमिकची नक्कल." अहो, रॉबर्ट कर्कमनच दोन्हीचा लेखक! त्यानं स्वतःच्याच घरी दरोडा घातला म्हणायचं का?

आता 2025ची अ‍ॅनिमेटेड मालिका बघून आलेले विचारतात, मूळ कॉमिकमध्ये मालिकेतली सुपरहिरोईन कमला खान का नाही? कॉमिक सुरू झालं 2005 साली, कमला अवतरली 2013 मध्ये. आणायची कुठून तिला?