कृत्रिम सांधा खरोखरच दहा-पंधरा वर्षांत निकामी होतो का? एका फिरत्या दाव्याचा प्रतिवाद

सांधेरोपणाविषयीचा एक मजकूर व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षे फिरतो आहे. प्रत्येक वेळी शब्द थोडे बदलतात, पण मुद्दे तेच असतात: कृत्रिम गुडघा किंवा खुबा दहा, फार तर पंधरा वर्षे टिकतो, त्यानंतर पुन्हा ऑपरेशन करावेच लागते आणि ते यशस्वी होत नाही, परदेशात कंपन्यांनी हे सांधे परत मागवले आहेत, म्हणून जमेल तितके थांबावे आणि तोवर कूर्चा (सांध्यातील हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण) पुन्हा तयार करणारे इंजेक्शन घ्यावे. या मजकुरामुळे दोन प्रकारच्या माणसांचे नुकसान होते. सत्तरीतली बाई घाबरून शस्त्रक्रिया टाळते आणि हळूहळू घराबाहेर पडणेच सोडते. पन्नाशीतल्या माणसाची जोखीम खरोखर जास्त असते, पण ती त्याला नेमकी कोणीच सांगत नाही. म्हणून यातला प्रत्येक मुद्दा तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

पहिला मुद्दा आयुर्मर्यादेचा. स्वीडनमध्ये १९७५ पासून गुडघ्यांच्या आणि १९७९ पासून खुब्यांच्या शस्त्रक्रियांची राष्ट्रीय नोंद ठेवली जाते. पुढे फिनलंड, नॉर्वे, ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड-वेल्स येथेही अशा नोंदवह्या सुरू झाल्या. कोणत्या रुग्णाला कोणता सांधा बसवला आणि तो पुढे बदलावा लागला का, हे त्यांत वर्षानुवर्षे नोंदले जाते. ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा नोंदवह्यांतील दीर्घकालीन माहिती एकत्र करून २०१९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. तिच्यानुसार संपूर्ण गुडघारोपणांपैकी सुमारे ९३ टक्के १५ वर्षांनंतर, ९० टक्के २० वर्षांनंतर आणि ८२ टक्के २५ वर्षांनंतरही न बदलता टिकून होती. गुडघ्याचा एकच भाग बदलला असेल, तर २५ वर्षांचा आकडा सुमारे ७० टक्के होता. खुब्यांपैकी सुमारे ८९ टक्के १५ वर्षे आणि ५८ टक्के २५ वर्षे टिकले. म्हणजे मजकुरात जी शेवटची मुदत म्हणून सांगितली जाते, त्या पंधराव्या वर्षी दहापैकी नऊ सांधे जागेवरच असतात.

हे आकडे वाचताना काही गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. २५ वर्षांचा आकडा मिळायचा तर ती शस्त्रक्रिया बऱ्याच जुन्या काळातली असावी लागते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस झीज कमी होणारे नव्या प्रकारचे पॉलिएथिलीन, म्हणजे सांध्यातले प्लास्टिक, वापरात आले; त्याआधीच्या प्लास्टिकचे सांधे या आकड्यांत मोठ्या संख्येने आहेत. खुब्यांच्या आकड्याकडे तर हे ध्यानात ठेवूनच पाहायला हवे. दुसरे असे, की नोंदवहीत फक्त पुन्हा केलेली शस्त्रक्रिया मोजली जाते. सांधा दुखत असूनही प्रकृतीमुळे किंवा पैशांअभावी ज्याने पुन्हा ऑपरेशन केले नाही, तो रुग्णही ‘सांधा टिकला’ याच रकान्यात जातो. त्यामुळे टिकलेला सांधा म्हणजे समाधानी रुग्ण असे गणित मांडता येत नाही. तो वेगळा प्रश्न आहे आणि त्याकडे मी पुढे येतोच.

सगळ्यांना एकच आकडा लावणे, ही या मजकुराची सर्वांत मोठी चूक आहे. ब्रिटनमधील रुग्णांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २०१७ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्येच आला होता. उरलेल्या आयुष्यात सांधा पुन्हा बदलावा लागण्याची शक्यता वयानुसार किती बदलते, हे त्यात मोजले होते. सत्तरीनंतर शस्त्रक्रिया केलेल्या स्त्री-पुरुषांत ही शक्यता सुमारे ५ टक्के निघाली. पन्नाशीच्या सुरुवातीला गुडघा बदललेल्या पुरुषांत मात्र ती ३५ टक्क्यांपर्यंत गेली आणि त्याच वयाच्या स्त्रियांत ती सुमारे २० टक्के होती. सत्तरीतल्या वीस जणांपैकी एकाच्या वाट्याला येणारी गोष्ट ‘प्रत्येकाला’ होते असे सांगणे हे उघड असत्य आहे. उलट बावन्न वर्षांच्या माणसाला ‘काही काळजी करू नका’ असे सांगणे हाही बेजबाबदारपणाच आहे.

याच अभ्यासातली आणखी एक बाब या मजकुराच्या मुळावरच घाव घालते. साठीच्या आत शस्त्रक्रिया झालेल्या ज्या रुग्णांना पुन्हा ऑपरेशन करावे लागले, त्यांच्यातील निम्म्यांवर ती वेळ साधारण ४.४ वर्षांच्या आतच आली. सांधा ठरावीक मुदतीनंतर झिजून निकामी होत असता, तर असे झाले नसते. लवकर होणाऱ्या फेरशस्त्रक्रियांमागे जंतुसंसर्ग, सांध्याची अस्थिरता, खुबा निखळणे, सांध्याभोवतीचे हाड मोडणे आणि भाग नीट न बसल्यामुळे त्यांवर पडणारा असमान ताण ही कारणे अधिक असतात. झीज आणि सैलपणा त्या मानाने उशिरा येतात, आणि त्यांची चाहूल पुष्कळदा रुग्णाला दुखू लागण्याआधी एक्स-रेमध्ये लागते. धातू आणि हाड यांच्यामधल्या सिमेंटच्या कडेने एक बारीक काळी रेघ दिसू लागते. जुन्या फिल्मच्या शेजारी नवी फिल्म धरली की ती रेघ रुंदावली आहे का, हे कळते. म्हणून चालताना काही त्रास नसला तरी ठरलेल्या वेळी तपासणीला जायचे असते. आपल्याकडे टाके निघाले आणि जिना चढता येऊ लागला की रुग्ण फिरकत नाही.

सांधे परत मागवल्याच्या मुद्द्यात तथ्य आहे, आणि ते पूर्ण सांगितले तरच उपयोगाचे आहे. डेप्यू या कंपनीचा ‘एएसआर’ हा खुब्याचा सांधा ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागवण्यात आला. त्यात धातूच्या वाटीत धातूचाच गोळा फिरत असे. त्यांच्या घर्षणातून कोबाल्ट आणि क्रोमियमचे कण सुटून भोवतालच्या ऊतींना इजा होत होती. पाच वर्षांतच १२ ते १३ टक्के सांधे बदलावे लागल्याचे ब्रिटनच्या नोंदवहीतून दिसले होते, आणि ऑस्ट्रेलियाच्या नोंदवहीने त्याही आधी धोक्याची सूचना दिली होती. एक्झॅक्टेक या अमेरिकी कंपनीनेही वेष्टनातील दोषामुळे गुडघ्यांचे प्लास्टिकचे भाग २०२१-२२ मध्ये परत मागवले. या दोन्ही घटना विशिष्ट उत्पादनांच्या आहेत. त्यांवरून सांधेरोपण ही शस्त्रक्रियाच फसवी ठरत नाही. दोष पकडला गेला तो मोजणी होत होती म्हणून.

भारतात एएसआरच्या सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने चौकशी केली तेव्हा त्यांपैकी ३,६०० हून अधिक रुग्णांचा पत्ताच लागला नाही. पुढे केंद्राने ३० लाखांपासून १.२३ कोटी रुपयांपर्यंत भरपाईचे सूत्र ठरवले. पण ज्यांना आपल्या खुब्यात कोणता सांधा आहे हेच माहीत नव्हते, त्यांच्यापर्यंत ती भरपाई पोहोचणार तरी कशी? फिरत्या मजकुरात राग कशाचा यायला हवा, तर याचा. तिथे मात्र याविषयी एक ओळही नसते.

थांबण्याचा सल्ला अर्धा बरोबर आहे. वजन कमी करणे, मांडीच्या पुढच्या स्नायूंचे व्यायाम आणि नीट आखलेली फिजिओथेरपी यांचा खरा उपयोग होतो. डेन्मार्कमध्ये १०० रुग्णांवर झालेली एक चाचणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात शस्त्रक्रिया केलेल्या गटात ८५ टक्के, तर शस्त्रक्रियेविना उपचार घेतलेल्या गटात ६८ टक्के रुग्णांच्या वेदना वर्षभरात लक्षणीय कमी झाल्या. विनाशस्त्रक्रिया गटातल्या चौघांपैकी एकाने वर्षाच्या आत शस्त्रक्रियेचा मार्ग धरला, पण शस्त्रक्रियेच्या गटात गंभीर दुष्परिणामही अधिक झाले. तेव्हा आधी व्यायाम करून पाहणे हा शहाणपणाच आहे. मात्र व्यायाम न करता, गोळ्या खात आणि भिंतीचा आधार घेत नुसते थांबणे ही वेगळी गोष्ट आहे. गुडघ्याची आतली बाजू झिजून हाड हाडावर घासू लागते, पाय धनुष्यासारखा बाहेर वाकतो, गुडघा पूर्ण सरळ होईनासा होतो, आणि बाई एका बाजूला झुकत चालू लागते. मग कंबरही दुखू लागते. शस्त्रक्रियेआधी हालचाल जितकी खालावलेली असते, तितकी नंतरची मजलही साधारणपणे कमी पडते. अडुसष्टाव्या वर्षी अशी अवस्था झालेल्या रुग्णाला ‘अजून दहा वर्षे काढा’ असे सांगून सांध्याचे आयुष्य वाचत नाही. जातात ती तिची चालण्याफिरण्याची वर्षे.

दुसरे ऑपरेशन यशस्वी होत नाही, हे खरे नाही. अनेकांना त्याचा चांगला उपयोग होतो. पण पहिल्यापेक्षा ते अवघड असते: हाड कमी झालेले असते, लांब दांड्याचे भाग वापरावे लागतात आणि संसर्ग असेल तर बहुधा दोन टप्प्यांत काम करावे लागते. इंग्लंड-वेल्सच्या नोंदवहीवरील २०२१ च्या अभ्यासानुसार, पहिल्यांदा पुन्हा बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे पाचवा हिस्सा १३ वर्षांत परत बदलावा लागला. दुसऱ्या फेरशस्त्रक्रियेनंतर तेवढेच प्रमाण ५ वर्षांत आणि तिसरीनंतर ३ वर्षांतच गाठले गेले. तरुण रुग्णाने पहिल्या शस्त्रक्रियेचा निर्णय घाईने का घेऊ नये, याचे खरे कारण हे आहे.

आता समाधानाचा प्रश्न. गुडघा बदललेल्यांपैकी साधारण पाचांतला एक जण निकालावर समाधानी नसतो, असे वेगवेगळ्या देशांतील पाहण्यांत दिसले आहे. खुब्याचे निकाल याहून चांगले आहेत. सांधा पंचवीस वर्षे टिकेल, पण मांडी घालून बसताना ओढ बसेल किंवा आतून बोथट दुखत राहील, ही शक्यता रुग्णाला आधी सांगितली पाहिजे. हा मजकूर तेही सांगत नाही, आणि ‘तीस वर्षे टिकणारा गुडघा’ अशा जाहिरातीही सांगत नाहीत. अशा जाहिरातींतला आकडा प्रयोगशाळेतील यंत्रावर सांधा लाखो वेळा वाकवून मोजलेल्या झिजेवरून काढलेला असू शकतो. जंतुसंसर्ग किंवा पडून मोडलेले हाड त्या यंत्रात येत नाही.

राहिले इंजेक्शन. रुग्णाच्याच रक्तापासून केलेल्या पीआरपी इंजेक्शनची ऑस्ट्रेलियात २८८ रुग्णांवर चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. बारा महिन्यांनंतर वेदना आणि कूर्चेचे आकारमान या दोन्ही बाबतींत मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनपेक्षा त्याचा लक्षणीय फायदा दिसला नाही. झिजलेल्या गुडघ्यात इंजेक्शनने नवी कूर्चा उगवते, या दाव्यावर हजारो रुपये खर्च करू नयेत.

हे सगळे आकडे परदेशातले आहेत, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो रास्त आहे. आपल्याकडे रुग्ण उशिरा येतात, दोन्ही गुडघे एकाच वेळी बदलण्याचे प्रमाण मोठे आहे, जमिनीवर बसणे रोजचे आहे, आणि प्रत्येक शस्त्रक्रिया नोंदवणे बंधनकारक असलेली राष्ट्रीय नोंदवही नाही. सांधेतज्ज्ञांच्या संघटनेची नोंदणी आहे, पण ती ऐच्छिक आहे. बंधनकारक नोंदवही येईपर्यंत रुग्णाच्या हाती एवढे आहे: सांध्याच्या खोक्यातून निघणारे स्टिकर डिस्चार्ज कार्डावर चिकटवून घ्यावेत. त्यांवर कंपनी, मॉडेल, माप आणि लॉट क्रमांक छापलेला असतो. त्या कार्डाचा फोटो काढून मुलाबाळांकडेही ठेवावा. आणि सरकारच्या हाती याहून बरेच काही आहे. सरकारी योजनेतून किंवा विम्यातून सांधेरोपणाचे बिल चुकते करताना, ती शस्त्रक्रिया नोंदवहीत चढल्याशिवाय पैसे सुटणार नाहीत, एवढी एक अट घालायला कोणाचीही हरकत असू नये.