‘दोन्ही पासपोर्ट मिळतात, मग वाद कसला?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. उत्तर आयर्लंडवरच्या (आयर्लंड बेटाचा ब्रिटनकडे असलेला भाग; उरलेलं बेट म्हणजे आयर्लंडचं प्रजासत्ताक) लेखावर तुम्ही मनापासून आणि सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचे आक्षेप थोडक्यात असे. कॅथलिक म्हणजे आयरिश आणि प्रोटेस्टंट म्हणजे ब्रिटिश, एवढी सरळ गोष्ट मी उगाच किचकट केली. 1998 च्या गुड फ्रायडे शांतता करारानं दोन्ही नागरिकत्वं दिली आहेत, त्यामुळे आता वाद पुढारीच पेटता ठेवतात. 2021 च्या जनगणनेत कॅथलिक पुढे गेले, म्हणजे आयर्लंडचं एकीकरण तोंडावर आलं. आणि मी ‘अल्स्टर’ हा शब्द चुकीचा वापरला. शेवटचा आक्षेप पूर्ण मान्य. बाकीचे तीन मला पटत नाहीत.

आधी पासपोर्ट. करारातलं वचन असं की उत्तर आयर्लंडमध्ये जन्मलेल्या माणसानं स्वतःला ब्रिटिश म्हणावं, आयरिश म्हणावं किंवा दोन्ही म्हणावं, आणि दोन्ही सरकारांनी ते मानावं. वचन स्वच्छ आहे, पण ते दोन सरकारांमधल्या करारात आहे. नागरिकत्व ठरतं प्रत्येक देशाच्या स्वतःच्या कायद्यानं, आणि हे दोन कायदे वेगळ्या पद्धतीनं चालतात. आयरिश कायदा हक्क देतो आणि थांबतो. ज्याला आयरिश व्हायचं आहे त्यानं फक्त आयरिश नागरिकच करू शकतो अशी एखादी कृती केली, उदाहरणार्थ पासपोर्टचा अर्ज केला, की तो जन्मापासून आयरिश धरला जातो. ज्याला नको आहे त्याच्यावर काही लादलं जात नाही. ब्रिटिश कायदा मात्र विचारत नाही. 1981 च्या कायद्याप्रमाणे आई किंवा वडील ब्रिटिश असतील, किंवा तिथे कायमच्या वास्तव्याची परवानगी असलेले असतील, तर मूल जन्मतःच ब्रिटिश. ते नको असेल तर आधी ‘मी ब्रिटिश आहे’ हे मान्य करायचं, मग फी भरून ते सोडल्याचा अर्ज करायचा.

एमा डिसूझा यांच्या खटल्याचं मूळ इथेच आहे. त्या मूळच्या उत्तर आयर्लंडच्या, कायम आयरिश पासपोर्टवर वावरलेल्या. 2015 मध्ये त्यांच्या अमेरिकन पतीनं आयरिश, म्हणजेच युरोपियन युनियनच्या, नागरिकाचा जोडीदार म्हणून वास्तव्याचा अर्ज केला. ब्रिटिश गृहखात्यानं तो नाकारला. कारण दिलं की तुमची पत्नी ब्रिटिश आहे. हवं तर तिनं ब्रिटिश नागरिकत्व सोडावं किंवा तुम्ही ब्रिटिश नागरिकाचा जोडीदार म्हणून अर्ज करावा. त्या दुसऱ्या मार्गावर तेव्हा वर्षाला 18,600 पौंड उत्पन्नाची अट होती, युरोपियन मार्गावर ती नव्हती. खालच्या न्यायाधिकरणात डिसूझा दांपत्य जिंकलं. ऑक्टोबर 2019 मध्ये वरिष्ठ न्यायाधिकरणानं निकाल फिरवला: करारातलं ते कलम ब्रिटनच्या देशांतर्गत कायद्यात उतरवलेलंच नाही, त्यामुळे 1981 चा कायदा जसा आहे तसाच लागू होणार. मे 2020 मध्ये सरकारनं स्थलांतराच्या नियमात बदल जाहीर करून अशा कुटुंबांना वाट करून दिली. नागरिकत्वाचा कायदा होता तिथेच राहिला. आता सांगा, आयुष्यभर स्वतःला आयरिश मानणाऱ्या बाईला ‘आधी ब्रिटिश असल्याचं लिहून द्या’ असं सरकार सांगत असेल, तर तो वाद पुढाऱ्यांनी पेटवला असं कसं म्हणायचं?

उलट बाजूलाही हीच अडचण होती, आणि ती माझ्या लेखात यायला हवी होती. सीमेपलीकडे, प्रजासत्ताकातल्या डोनेगलमध्ये जन्मून अनेक दशकं उत्तर आयर्लंडमधल्या डेरीत राहिलेला, कर भरणारा, मतदान करणारा माणूस स्वतःला कितीही ब्रिटिश समजत असला, तरी ब्रिटिश पासपोर्टसाठी त्याला परदेशी माणसाच्या रांगेत, त्याच परीक्षा देऊन आणि तीच फी भरून, उभं राहावं लागायचं. आयरिश नागरिकांना 5 वर्षांच्या वास्तव्यानंतर नोंदणीनं ब्रिटिश होता यावं यासाठीचा कायदा मे 2024 मध्ये झाला. म्हणजे करारानंतर 26 वर्षांनी.

बेल्फास्टमध्ये राहणाऱ्या मराठी आईवडिलांसाठी इथे थोडं थांबतो, कारण ‘बेल्फास्टमध्ये जन्मलं की दोन्ही मिळतं’ हा समज त्यांना महागात पडू शकतो. 1 जानेवारी 2005 पासून आयर्लंड बेटावर जन्मलेल्या प्रत्येक बाळाला आयरिश नागरिकत्व आपोआप मिळत नाही. दोघंही पालक भारतीय आणि वर्क व्हिसावर असतील, तर बाळ जन्मतः ब्रिटिश नसतं. आयरिश होऊ शकतं, पण जन्माआधीच्या 4 वर्षांतली 3 वर्षं दोघांपैकी एकाचं त्या बेटावर कायदेशीर वास्तव्य हवं आणि ते कागदोपत्री दाखवता यायला हवं. चूक नेमकी मोजणीत होते, कारण विद्यार्थी व्हिसावरचा काळ या 3 वर्षांत धरत नाहीत. एम.एस्सी.ची दोन वर्षं आणि नोकरीची दोन वर्षं मिळून चार होतात, पण आयरिश हिशेबात दोनच. मग बाळ ब्रिटिशही नाही आणि आयरिशही नाही, आणि भारतीय वकिलातीत वर्षाच्या आत जन्मनोंद करणं हाच रस्ता उरतो. त्या नोंदणीत बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून द्यावं लागतं, म्हणून कोणता पासपोर्ट घ्यायचा हे आधी ठरवा. पालकांपैकी एकाकडे कायम वास्तव्याची परवानगी असेल, तर बाळ जन्मतः ब्रिटिश असतं आणि आयरिशही होऊ शकतं.

आता ‘कॅथलिक म्हणजे आयरिश’. तुम्ही दिलेला जनगणनेचा आकडा बरोबर आहे: धर्म किंवा ज्या धर्मात वाढले तो, या मोजणीत 2021 ला कॅथलिक 45.7 टक्के आणि प्रोटेस्टंट व इतर ख्रिस्ती 43.5 टक्के. पण त्याच जनगणनेत ‘तुमची राष्ट्रीय ओळख कोणती’ असा वेगळा प्रश्न होता. फक्त ब्रिटिश म्हणणारे 31.9 टक्के, फक्त आयरिश 29.1, फक्त नॉर्दर्न आयरिश 19.8. एकापेक्षा जास्त खुणा करणारे धरले, तरी कुठल्याही स्वरूपात स्वतःला आयरिश म्हणणारे 33.3 टक्केच भरतात. 45.7 आणि 33.3 यांच्यामध्ये बारा टक्क्यांहून मोठी फट आहे. त्या फटीत नॉर्दर्न आयरिश म्हणवणारे कॅथलिक आहेत, पोलंडचे कामगार आहेत, केरळहून आलेल्या नर्सेस आहेत. आयरिश पासपोर्टधारक 2011 च्या 3,75,800 वरून 2021 मध्ये 6,14,300 झाले. ब्रेक्झिटनंतर युरोपात मोकळेपणानं फिरता यावं म्हणून पासपोर्ट घेतलेले युनियनिस्ट, म्हणजे ब्रिटनबरोबर राहू इच्छिणाऱ्या, घरातले लोकही त्यात आहेत. त्यांच्या खिशातल्या पासपोर्टवरून त्यांचं मत ओळखायला जाऊ नका.

तरीही तुमचं समीकरण एका ठिकाणी सरकारच वापरतं, आणि ते पाहण्यासारखं आहे. तिथे 10 पेक्षा जास्त पूर्णवेळ कर्मचारी असलेल्या प्रत्येक मालकाला समानता आयोगाकडे नोंदणी करून दरवर्षी कर्मचाऱ्यांचा ‘समाज’ कळवावा लागतो. नोकरीच्या अर्जाबरोबर एक वेगळा कागद येतो. त्यावर तीन चौकोन असतात: मी प्रोटेस्टंट समाजातला, मी रोमन कॅथलिक समाजातला, मी दोन्हीपैकी नाही. श्रद्धा असो वा नसो, लोक तुम्हाला कुठल्या समाजातले समजतात एवढंच तो कागद विचारतो. निवड करणाऱ्यांपर्यंत तो जात नाही. खोटं उत्तर देणं गुन्हा आहे. आणि तुम्ही कागद कोराच ठेवलात, तर मालक अर्जातल्या इतर माहितीवरून, म्हणजे नाव, पत्ता, शाळा, क्रीडामंडळ यांवरून, तुमचा समाज ठरवू शकतो. अर्जात सेंट पॅट्रिक्स प्राथमिक शाळा आणि गेलिक फुटबॉलचा (मुख्यतः कॅथलिक समाजात खेळला जाणारा आयरिश खेळ) क्लब लिहिला असेल, तर चौकोन रिकामा ठेवूनही तुमची गणना कॅथलिकांत होते. घरी कॅथलिक आई आणि प्रोटेस्टंट वडील, शिक्षण दोन्ही समाजांच्या एकत्रित शाळेत, अशा माणसापुढे ही पद्धत अडखळते. धागा सापडला नाही तर त्याची ‘अनिश्चित’ अशी नोंद होते.

हे वाचून ती पद्धत जाचक वाटेल. मला ती आवश्यक वाटते. 1971 च्या जनगणनेत कॅथलिक पुरुषांमधली बेकारी प्रोटेस्टंट पुरुषांच्या सुमारे अडीचपट होती, आणि मोजल्याशिवाय भेदभाव सिद्ध करता येत नव्हता. दर 3 वर्षांनी मालकाला आपली भरती, प्रशिक्षण आणि बढती यांचा आढावा घ्यावा लागतो, तो या आकड्यांवरच. पण हा कागद समाज मोजतो. ब्रिटिश की आयरिश, हे तो विचारतच नाही.

स्टॉर्मॉन्टच्या, म्हणजे उत्तर आयर्लंडच्या, विधानसभेत याहून कडक शिक्का बसतो. 90 सदस्यांपैकी प्रत्येकाला युनियनिस्ट, नॅशनलिस्ट (एकसंध आयर्लंड हवं असणारे) किंवा इतर अशी नोंद करावी लागते. 2022 च्या निवडणुकीनंतर हे गट अनुक्रमे 37, 35 आणि 18 असे होते. महत्त्वाच्या ठरावाला दोन्ही समाजांची संमती लागते, आणि त्यातला सौम्य मार्ग म्हणजे एकूण 60 टक्के आणि दोन्ही गटांतले प्रत्येकी किमान 40 टक्के. आता हिशेब करा. सगळे 35 नॅशनलिस्ट, सगळे 18 इतर आणि 14 युनियनिस्ट बाजूनं, म्हणजे 90 पैकी 67 मतं. तरी ठराव पडतो, कारण 37 चे 40 टक्के 14.8 होतात आणि पंधरावं युनियनिस्ट मत नाही. ‘इतर’ सदस्य एकूण बेरजेत धरतात, गटाच्या अटीत त्यांना किंमत नाही. नोव्हेंबर 2001 मध्ये युनियनिस्ट नेते डेव्हिड ट्रिंबल यांना फर्स्ट मिनिस्टर (तिथल्या सरकारचे सहप्रमुख) म्हणून निवडून आणायला युनियनिस्ट मतं कमी पडली, तेव्हा ‘इतर’ गटातल्या अलायन्स पक्षाच्या 3 सदस्यांनी तेवढ्यासाठी स्वतःची नोंद युनियनिस्ट अशी बदलून घेतली. पुढे कायदा बदलला. आता सदस्यानं पक्ष बदलल्याशिवाय अधेमधे नोंद बदलता येत नाही. जनगणनेत 19.8 टक्के लोक स्वतःला फक्त नॉर्दर्न आयरिश म्हणतात, आणि सभागृहात त्यांच्यासाठी उरतो तो ‘इतर’ हा रकाना. माझा लेख किचकट झाला तो या रचनेमुळे, आणि ती सोपी करून सांगितली असती तर चूक झाली असती.

एकीकरणाबद्दल थोडक्यात. जनमत घेण्याचं कर्तव्य ब्रिटिश मंत्र्यावर येतं ते मतदान करणाऱ्यांपैकी बहुसंख्य एकीकरणाच्या बाजूनं जातील असं त्याला दिसलं तर. कायद्यात धर्माच्या आकड्याचा उल्लेख नाही. एक जनमत झालं की पुढच्यासाठी किमान 7 वर्षं थांबावं लागतं, त्यामुळे घाईत हरण्याची भीती एकीकरणवाद्यांनाही आहे. 8 मार्च 1973 च्या जनमतावर नॅशनलिस्टांनी बहिष्कार टाकला. मतं देणाऱ्यांपैकी 98.9 टक्के ब्रिटनबरोबर राहण्याच्या बाजूनं पडली, आणि त्या आकड्यानं एकही भांडण मिटलं नाही.

राहिला ‘अल्स्टर’. या जुन्या प्रांतात 9 परगणे आहेत. त्यातले 6 उत्तर आयर्लंडमध्ये. डोनेगल, कॅव्हन आणि मोनाहन हे 3 प्रजासत्ताकात. उत्तर आयर्लंडला अल्स्टर म्हणणं ही प्रामुख्यानं युनियनिस्टांची सवय आहे आणि मी ती नकळत उचलली. तिथल्या रस्त्यांवरच्या पाट्यांवर ‘लंडनडेरी’तला ‘लंडन’ रंगानं पुसलेला दिसतो, इतकं नावाचं वजन तिथे आहे, तेव्हा ही चूक लहान नव्हती. मूळ लेखात चारही ठिकाणी ‘उत्तर आयर्लंड’ अशी दुरुस्ती केली आहे. शहराचं नाव ‘डेरी’ असंच ठेवलं आहे, कारण रोजच्या बोलण्यात दोन्हीकडची पुष्कळ माणसं तेच वापरतात. मात्र सरकारदरबारी ते लंडनडेरी आहे, हे पहिल्या उल्लेखापाशी जोडलं आहे.