गोव्यात छोटं जहाज बांधू नये

मॉडेल शिप बनवायचा छंद मी नागपुरात किंवा लातुरात केला असता तर सुखात असतो. तिथे पाहुणे आले असते, शोकेसकडे बघून "अरे वा, स्वतः बनवलंत?" म्हणाले असते आणि पोहे खाऊन गेले असते. गोव्यात तसं होत नाही. इथे प्रत्येकाला जहाजातलं कळतं, ज्याला कळत नाही त्याच्या मामाला कळतं. एका घरात तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारा, दुसऱ्या घरातला मुलगा वास्कोला शिपयार्डात, तिसऱ्याचा स्वतःचा ट्रॉलर, आणि ज्याच्याकडे यातलं काहीच नाही तो निदान रोज फेरीबोटीने नदी ओलांडून कामाला जातो आणि तेवढ्या अनुभवावर मला सांगतो की तुझी बोट डावीकडे कलंडलीय बघ.

बोट कलंडलेली नाहीय, टेबल कलंडलंय. पण सांगणार कोणाला.

तर मी बनवतोय ती एचएमएस व्हिक्टरी. इंग्रज अ‍ॅडमिरल नेल्सनची, १८०५ च्या ट्रफाल्गरच्या लढाईतली, १०४ तोफांची, जी आजही पोर्टस्मथच्या गोदीत उभी आहे. स्केल १:७२. म्हणजे साडेपाच फुटी खलाशी माझ्याकडे सव्वादोन-अडीच सेंटीमीटरचा होतो. ऐकायला इवलंसं वाटतं, पण नाकासमोरचा लांब दांडा धरून अख्खं जहाज सव्वा मीटरच्या वर जातं आणि मग घरात प्रश्न पडतो की टीव्ही कुठे ठेवायचा. बाबांचा आक्षेप मात्र जागेचा नव्हता, राजकीय होता. "एकसष्टला पोर्तुगीज गेले, आता तू इंग्रजांना घरात घेतलंस?"

किट म्हटलं की लोकांना वाटतं खोक्यातून तुकडे काढायचे, फटाफट जोडायचे, रविवारी दुपारी सुरू केलं की संध्याकाळी संपलं. लाकडी किटच्या खोक्यात जहाज नसतंच. लाकडाच्या पातळ पट्ट्यांचे जुडगे असतात, दोऱ्याची रिळं असतात, पितळेच्या तोफा असतात आणि चादरीएवढे नकाशे असतात. आधी कणा, म्हणजे कील, त्यावर फासळ्या, मग त्या फासळ्यांवर पट्ट्यांचा एक थर, आणि तो घासून गुळगुळीत केला की त्याच्यावर अक्रोडाच्या अजून पातळ पट्ट्यांचा दुसरा थर. पहिला थर कोणाला दिसणारही नसतो. तरी तो नीटच घालायचा. हे का, असं आमच्या घरात विचारायला बंदी आहे, म्हणजे मी घातलीय, पाळत कोणी नाही.

आता जहाजाच्या पुढच्या बाजूला या पट्ट्या वळवाव्या लागतात, आणि कोरडं लाकूड वळवलं की कट्‌कन मोडतं. पाण्यात भिजवून वाफ दिली की लाकूड मऊ पडतं आणि मग हवं तसं वळतं, त्यात काही जादू नाही, खऱ्या गोदीतपण पिढ्यान्‌पिढ्या असंच करत आलेत. वाफेसाठी घरात सगळ्यात चांगलं उपकरण म्हणजे मोदकपात्र. पट्ट्या तिरक्या ठेवल्या की बरोबर मावतात. हे सगळं जून-जुलैत छान चाललं होतं, मग चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी आली, मोदकपात्र पातोळ्यांसाठी बाहेर निघालं, आणि हळदीच्या पानाच्या वासाखालून अजून कसलातरी वास येतोय असं माझ्या सासूबाईंना वाटायला लागलं. आमच्या हिने माझ्याकडे बघितलं. मी आरतीचं पुस्तक शोधायला गेलो, खरंतर मला सगळ्या आरत्या पाठ आहेत.

पावसाळ्याचं तर बोलूच नका. सुपरग्लू सुकतो तो हवेतल्या ओलाव्यामुळे, आणि जुलैत आमच्या हवेत ओलाव्याशिवाय दुसरं काही नसतंच. कोरड्या देशातले लोक सांगतात की थेंब टाका, मग तुकडा नीट जागेवर बसवा. इथे थेंब टाकला की निर्णय झाला. तुकडा जिथे आहे तिथे आहे, हाताचं बोट जिथे आहे तिथे आहे, आणि नेमकी त्याच वेळेला बेल वाजते. मी एकदा कुरिअरवाल्याला आतूनच ओरडून सांगितलं की पार्सल तुळशीजवळ ठेव, मी जहाजाला चिकटलोय. तो काही बोलला नाही. गोव्यात कुरिअरवाल्यांना सगळ्या प्रकारची माणसं भेटत असणार. सुती दोरे पावसात आपोआप ताठ होतात आणि डिसेंबरात सैल पडतात, म्हणजे गणपतीत जे जहाज युद्धाला निघालेलं दिसतं ते नाताळात रिटायर झालेलं दिसतं.

आणि दोऱ्यांवरून आठवलं, खरी कथा तर दोऱ्यांचीच आहे. खऱ्या व्हिक्टरीवर सगळे दोर मिळून सुमारे ४२ किलोमीटर. पणजीला एक टोक बांधलं तर दुसरं मडगाव ओलांडून कुंकळ्ळीच्या वाटेला लागेल. मॉडेलवर ते शेकड्यातल्या मीटरवर येतं, पण गाठी काही ७२ पटींनी कमी होत नाहीत. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी आधार देणारे दोर असतात, त्यांच्यावर खलाशांनी चढायला आडव्या दोऱ्यांच्या पायऱ्या असतात, आणि जिथे जिथे आडवी दोरी उभीला भेटते तिथे तिथे एक क्लोव्ह हिच नावाची गाठ. चिमट्याने. भिंगातून. एक पायरी म्हणजे सहा-सात गाठी, अशा पायऱ्या किती ते मी मोजत नाही, डॉक्टरांनी टेन्शन घ्यायचं नाही म्हणून सांगितलंय.

इथेच आमचे शेजारचे अंकल येतात. रिटायर्ड तारवटी. आयुष्यभर ऑइल टँकरच्या इंजिनरूममध्ये होते, म्हणजे शिडाचं जहाज त्यांनी माझ्याइतकंच पाहिलंय, फोटोत. पण समुद्र तो समुद्र. ते खिडकीतून डोकावतात, भिंग मागतात, बराच वेळ बघतात आणि म्हणतात, "दोऱ्यो चुकल्यो रे तुज्यो." कुठे चुकल्या ते सांगत नाहीत. विचारलं तर हाँगकाँगची गोष्ट सुरू होते, १९७० च्या आसपासची, तिच्यात दोरी येतच नाही, एक कुक येतो आणि एक हरवलेलं घड्याळ. ती संपेपर्यंत माझ्या हातातली गाठ सुटलेली असते आणि मग ते विजयी मुद्रेने म्हणतात, बघ, मी म्हटलं नव्हतं?

त्यांच्यापेक्षा काकी डेंजर. काकींचं माहेर दिवाडी बेटावरचं, आणि दिवाडीलाच ते शिवलेलं जहाज बांधलं, कौंडिण्य, अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून, खिळा न मारता, फळ्या काथ्याच्या दोरीने शिवून. सप्टेंबर २०२३ मध्ये कील घातली, फेब्रुवारी २०२५ मध्ये ते पाण्यात उतरलं आणि मे महिन्यात कारवारला नौदलाने रीतसर ताब्यातपण घेतलं. या तारखा मला पाठ आहेत कारण काकींना पाठ आहेत. "आमच्याकडे नकाशासुद्धा नव्हता, तरी दीड वर्षात खरं जहाज झालं," असं त्या म्हणतात, जणू काथ्या त्यांनीच वळला. "तुझ्याकडे तर सगळं खोक्यात आलंय." यावर माझं एक उत्तर तयार असतं. खऱ्या व्हिक्टरीची कील घातली १७५९ ला, पाण्यात उतरली १७६५ ला, आणि प्रत्यक्ष सेवेत घेतली थेट १७७८ ला. एकोणीस वर्षं. इंग्रजांच्या अख्ख्या आरमाराला एकोणीस वर्षं लागली, मी एकटा आहे आणि मला नोकरीपण आहे. काकी म्हणतात, बरं, मग चहा ठेवू?

आता तुम्ही म्हणाल, निदान छंदवाले तरी एकमेकांना समजून घेत असतील. आम्ही गोव्यातले मूठभर लोक अधूनमधून रविवारी कोणाच्या तरी घरी जमतो, आणि समजून घेणं हा प्रकार तिथे चालत नाही. एक जण बाटलीत जहाजं बनवतो. डोलकाठ्या बिजागरीवर आडव्या पाडायच्या, जहाज बाटलीच्या तोंडातून आत सरकवायचं आणि मग दोरा ओढला की काठ्या उभ्या राहतात, बघायला खरंच सुंदर असतं, पण आधी बाटली रिकामी करावी लागते आणि गोव्यात त्या कामाला मदतनीस इतके मिळतात की जहाज मागेच पडतं. दुसरे एक जण फक्त किट विकत घेतात. बनवत नाहीत. त्यांच्या माळ्यावर इतकी खोकी आहेत की त्यांना अजून दोन जन्म मिळाले तरी संपणार नाहीत, आणि प्रत्येक नवीन खोकं ते बायकोला "मित्राचं आहे, ठेवायला दिलंय" म्हणून सांगतात. मित्र म्हणजे आम्हीच. वहिनींच्या मते आम्हा सगळ्यांची घरं फार लहान असणार.

आणि तिसरे, आमचे इन्स्पेक्टर. तसे ते बँकेतून निवृत्त झालेत पण आम्ही त्यांना इन्स्पेक्टर म्हणतो. जगात जिथे जिथे मॉडेलवाले असतात तिथे एक रिव्हेट मोजणारा, म्हणजे बारीकसारीक चुका काढणारा, असतोच, आमच्या वाट्याला हे आलेत. माझ्या जहाजावरचा पिवळा पट्टा बघून त्यांनी नुसतीच मान हलवली. झालं असं की २०१५ साली पोर्टस्मथवाल्यांनी व्हिक्टरीवरच्या रंगाचे थरावर थर तपासले, ७२ थर निघाले म्हणे, आणि कळलं की नेल्सनच्या वेळचा रंग तो ठसठशीत पिवळा नव्हताच, फिकट होता, थोडा गुलाबीकडे झुकणारा. त्यांनी खरं जहाज रंगवून टाकलं. मग ज्यांनी ज्यांनी पिवळा लावला होता ते सगळे एका रात्रीत अडाणी ठरले. माझ्या किटच्या खोक्यावरच्या चित्रात पिवळाच आहे, मी खोक्याचं ऐकलं. इन्स्पेक्टर म्हणाले, "खोकं इतिहासकार असतं का?" आणि पुढे असंही म्हणाले की गोव्यात राहून व्हिक्टरी करायचीच कशाला, आपल्या घरची दों फर्नांदु दुसरा ई ग्लोरिया करा की, दमणला सागवानात बांधलेली, १८४३ ला पाण्यात सोडलेली, पोर्तुगीजांची भारताच्या वाटेवरची शेवटची शिडाची युद्धनौका, १९६३ ला जळली तरी १९९८ ला पुन्हा नीट उभी केली, आज लिस्बनसमोर अल्मादाला बघायला मिळते. मला ते पटलं, हाच प्रॉब्लेम आहे. पण बाबांना कोणत्या तोंडाने सांगू की इंग्रज जाऊन आता परत पोर्तुगीज येतायत?

लहान मुलांचं एकच असतं. "यात कॅसिनो कुठेय?" मांडवी नदीत कॅसिनोच्या बोटी बघणारी पोरं, त्यांचा दोष नाही. मोठे विचारतात, "उदकांत चलता मरे ही?" नाही चालत. तोफा पितळेच्या आहेत, पोट पोकळ आहे, फटी बुजवलेल्या नाहीत, सोडली तर तळाला जाईल. मग ते माझ्याकडे अशा नजरेने बघतात की एवढे पैसे घालून बुडणारी बोट केलीस?

त्या प्रश्नानेच मला साखळीला नेलं. विठ्ठलापूरला त्रिपुरारी पौर्णिमेला वाळवंटी नदीत नौका सोडतात, स्पर्धा असते, थर्माकोलच्या, पुठ्ठ्याच्या, बांबूच्या, आतून-बाहेरून दिवे लावलेल्या, आणि नदीकाठी ही गर्दी. मावसभावाने परस्पर सांगून टाकलं होतं की आमच्याकडे बोटींचा एक्सपर्ट आहे. मी गेलो तेव्हा त्याच्या वाड्यावरच्या पोरांची बोट घरासमोर जवळजवळ तयार होती, माझ्या व्हिक्टरीच्या तिप्पट, आणि त्यांनी ती दिवाळीनंतर सुरू केली होती. दिवाळीनंतर! मी त्यांना मोबाइलवर माझे फोटो दाखवले. त्यांनी मनापासून बघितले, झूम करून बघितले. मग एक जण म्हणाला, "काका, लाइट खंय?"

नव्हते लाइट. मग मी माझी लायकी दाखवायला त्यांच्या डोलकाठ्यांना रीतसर दोर बांधून दिले, पायऱ्यांसकट, प्रत्येक ठिकाणी क्लोव्ह हिच, संध्याकाळपासून मान वर केली नाही. पोरं मध्येमध्ये येऊन बघत होती, कोणी हसलं नाही, एकाने तर चहा आणून दिला. नंतर बोट टबात ठेवून बघितली तर वरचा भार जास्त झाल्यामुळे ती एका अंगावर झोपायला लागली. त्यांचा म्होरक्या, असेल बारावीतला, फार अदबीने माझ्याजवळ आला. "काका, दोऱ्यो काडूंया. बोट जड जाता."

कात्री त्याने आधीच आणली होती. मी टॉर्च धरला. बोट सरळ झाली, दिवे लागले, नदीत उतरली आणि छान गेली. पुढच्या वर्षी मला वायरिंगवर घ्यायचं ठरलंय, दोऱ्यांना हात लावायचा नाही या अटीवर.