'डीअलेमाची आरती' : एका प्रतिक्रियेला उत्तर

साहेब (का मॅडम, टोपणनावावरून कळत नाही), इटलीचे माजी पंतप्रधान मास्सिमो दालेमा (१९९८ मध्ये पंतप्रधान प्रोदींचं सरकार पडल्यावर त्यांच्या जागी आले ते) यांच्यावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया रात्री साडेअकराला वाचली आणि झोपेचं खोबरं झालं. टीकेचं मला वावडं नाहीये, इतकी वर्षं ब्लॉग लिहून कातडी जाड झालीये, पण "डीअलेमाने प्रोदीच्या पाठीत खंजीर खुपसून खुर्ची बळकावली आणि तुम्ही विकिपीडिया चाळून त्याची आरती करताय" ही काय बोलायची पद्धत झाली? घरात आलेल्या पाहुण्याने चप्पल न काढता सोफ्यावर पाय टाकावे तसं वाटलं. आणि उच्चार दालेमा आहे, दालेमा.

चुकलं ते आधी मान्य करतो. दालेमा पिसाच्या स्कुओला नोर्माले या उच्चशिक्षण संस्थेचे 'पदवीधर' असं मी लिहिलं होतं, तिथे ते तत्त्वज्ञान शिकले पण पदवी घेतली नाही. दुरुस्त केलंय, आभार. झालं समाधान?

आता खंजीर. हा शब्द आपल्याकडे १९७८ पासून इतका वापरलाय की कुठलंही सरकार पडलं की आपला हात आपोआप त्याच्याकडे जातो. प्रोदींचं सरकार बेर्तिनोत्तींच्या कम्युनिस्ट पक्षाच्या पाठिंब्यावर टिकून होतं, बजेटवरून बेर्तिनोत्तींनी तो काढला, त्यात त्यांचाच पक्ष फुटला, कोस्सुत्ता आणि मंडळी प्रोदींकडे राहिली आणि तरीही ९ ऑक्टोबर १९९८ ला विश्वासदर्शक ठरावावर ३१२ विरुद्ध ३१३, एका मताने खेळ खल्लास. दालेमांच्या पक्षाने मत कुणाला दिलं? प्रोदींनाच! मग खंजीर नक्की कुणाच्या हातात होता?

आणि विकिपीडिया म्हणताय म्हणून सांगतो, मी तेव्हा बोलोन्यात होतो. प्रोदींच्या गावात. मशीनच्या कंपनीत ट्रेनिंगला, एका रिटायर्ड फिटरच्या वरच्या मजल्यावर भाड्याने. म्हातारा जुना कम्युनिस्ट, त्या रात्री टीव्हीसमोर बसून त्याने शिव्यांची लाखोली वाहिली ती बेर्तिनोत्तींना, दालेमांचं नाव एकदाही काढलं नाही. तुम्ही कुठे होतात हो तेव्हा?

बरं, इतका दगाफटका झाला असता तर २००६ मध्ये प्रोदी परत पंतप्रधान झाल्यावर त्याच माणसाला परराष्ट्रमंत्री वर उपपंतप्रधान कशाला करतील? पाठीत वार करणाऱ्याला कोणी परत घरात घेऊन जेवायला वाढतं का? आणि १९९९ मध्ये प्रोदी युरोपियन कमिशनचे अध्यक्ष झाले तेव्हा रोममध्ये सरकार कुणाचं होतं, तेही जरा बघा.

राहता राहिलं तुमचं बाकीचं. माजी राष्ट्राध्यक्ष कोस्सिगांनी उजवीकडून निवडून आलेले खासदार आणून दालेमांचं सरकार उभं केलं, लोकांनी १९९६ मध्ये यासाठी मत दिलं नव्हतं वगैरे. आघाडीत हे चालायचंच, त्याचं एवढं काय. १९९९ च्या कोसोवो युद्धात नाटोने युगोस्लाव्हियावर केलेल्या बॉम्बफेकीला इटलीचे विमानतळ दिले, माजी कम्युनिस्ट असून दिले, हेही लिहिलंत. नाटोचा सदस्य देश होता, दुसरं काय करणार होते? (घरमालकाने त्या वर्षी पार्टीचं कार्ड रिन्यू केलं नाही, जूनमध्ये बोलोन्याचं महापौरपद दुसऱ्या महायुद्धानंतर पहिल्यांदाच डाव्यांच्या हातून गेलं तेव्हा तो मतदानालाही गेला नव्हता, पण तो वेगळा विषय आहे.) एप्रिल २००० मध्ये प्रादेशिक निवडणुका हरल्यावर दालेमांनी राजीनामा दिला, खुर्चीला चिकटून बसले नाहीत, हे मात्र तुमच्या प्रतिक्रियेत कुठेच नाही. सोयीचं नसेल.

लेख दोन भागांत आहे हे वरच लिहिलं होतं. दुसऱ्या भागात कोसोवो येतंय. वाचायचं तर वाचा, नाहीतर राहू द्या, पण पुढच्या वेळी स्वतःच्या नावाने लिहा राव.