मजकुराचा नमुना, तीन प्रतीत

"सेक्रेटरी, चार भोकं पाडायची, वायर जोडायची, बास," असं चेअरमन म्हणाले आणि आमच्या दूध संस्थेच्या भिंतीवर लाल अक्षरं सरकणारी पाटी लावायचं ठरलं.

पाटीची गरज खरी होती. गायीच्या दुधाचा दर ३.५ टक्के फॅट आणि ८.५ टक्के एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घनांश, धरून ठरतो आणि एका जागी कधी थांबत नाही. २०२३ साली शासनानं ३४ रुपये किमान दर जाहीर केला, तो वर्ष सरायच्या आत सत्तावीसच्या आसपास येऊन टेकला. असा दर आम्ही दाराशेजारच्या फळ्यावर खडूनं लिहितो. पण २ च्या पोटात एक वळसा जास्त घातला की ३ होतो, हे गावातल्या पोरांना बालवाडीपासून ठाऊक आहे. रात्री लिहिलेला २८ सकाळी ३८ झालेला असतो, आणि किटली घेऊन आलेला माणूस दहा रुपयांसाठी माझ्याशी भांडतो. पोरांवर कुणी चिडत नाही.

तालुक्याच्या दुकानदारानं पाटी दाखवली. या धंद्यात तिला 'पी-टेन' म्हणतात. एक पट्टी ३२ सेंटिमीटर लांब, १६ उंच, आणि तिच्यात ५१२ बारके दिवे. अशा बारा पट्ट्या सहा-सहाच्या दोन ओळीत जोडल्या की साधारण सव्वासहा फूट बाय एक फूट. मोबाइलवरून मजकूर टाकायचा की अक्षरं उजवीकडून येऊन डावीकडं निघून जातात. "परवानगी?" मी विचारलं. दुकानदारानं माझ्याकडं अशा मायेनं पाहिलं, जणू मी त्याला हुंड्याबद्दल विचारलं होतं. "लावा हो. कोण विचारतंय?"

विचारणारा एकच होता, आमचा ऑडिटर. गेल्या साली चहाच्या बिलावर त्यानं अर्धा पान शेरा मारला होता. विनापरवाना पाटीचा खर्च त्याच्यासमोर ठेवण्यापेक्षा परवानगी काढलेली बरी, असं मासिक सभेत ठरलं. ती कुणी काढायची यावर चर्चा झालीच नाही, सगळे माझ्याकडं बघत होते.

खडूच्या फळ्याला या राज्यात कुणाची परवानगी लागत नाही. त्यावर दर लिहा, सुविचार लिहा, थकबाकीदारांची नावं लिहा. तीच अक्षरं पेटली आणि चालायला लागली की शासन जागं होतं.

आमचे ग्रामसेवक सरळ माणूस. २०२४ पासून त्यांचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण गाव त्यांना भाऊसाहेबच म्हणतं. त्यांनी १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम काढून बोट फिरवत नेलं. घर बांधायचं तर कलम ५२, रस्त्यात अडथळा केला तर कलम ५३. "सेक्रेटरी, ही पाटी बांधकाम आहे का?"

"नाही."

"अडथळा?"

"भिंतीवर दहा फुटांवर आहे, भाऊसाहेब. उंटाला होईल."

"मग तिला कुठं बसवू?" ते खरोखर दुःखी झाले. शेवटी त्यांनी सगळ्यात सुरक्षित रस्ता धरला आणि विषय ग्रामसभेवर ठेवला.

ग्रामसभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा शंभर, यातली जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात. सभा १ मे रोजी ठेवली, तर त्या दिवशी गावात तीन लग्नं होती. सभा तहकूब. तहकूब सभेला मात्र गणपूर्ती लागत नाही. म्हणजे पहिल्या दिवशी आलेली माणसं कायद्याला अपुरी होती, आणि नंतर त्याहून कमी आली ती पुरली. लोकशाहीतली ही सोय मला मनापासून आवडते.

चर्चा मात्र जोरात झाली. धोंडीनानांचा गोठा संस्थेच्या समोर. "रातच्याला लाल उजेड पडला तर म्हस पान्हा चोरंल," ते म्हणाले. मागून कुणीतरी, "म्हस पाटी वाचती व्हय?" त्यावर हशा. नाना शांतपणे, "वाचत न्हाई म्हणूनच बिथरंल." याला कुणाकडं उत्तर नव्हतं. मग मागण्या सुरू झाल्या. मयताची बातमी आणि सावडायची वेळ पाटीवर यावी. पाणी कधी सुटणार ते यावं. तरुण मंडळाला वाढदिवस हवे होते, फोटोसकट. फोटो त्यात येत नाही म्हटल्यावर त्यांचा पाटीतला रस संपला आणि ते उठून गेले. शेवटी एका सदस्यानं, ज्याचे सासरे दुसऱ्या दूध संस्थेचे संचालक आहेत, अत्यंत काळजीच्या सुरात विचारलं, "पाटी वाचण्याच्या नादात वाहनचालकाचं लक्ष विचलित होऊन अपघात झाला तर जबाबदार कोण?" ठराव झाला: रस्ता खात्याची हरकत नसल्यास ग्रामपंचायतीचीही नाही.

आता रस्ता. आमच्या गावचा रस्ता पूर्वी जिल्हा परिषदेचा होता. मग त्याची दर्जोन्नती झाली आणि तो कागदोपत्री राज्याच्या बांधकाम खात्याकडं गेला. पावसाळ्यात खड्डे पडतात तेव्हा परिषदेत म्हणतात, आता तो तिकडं. तिकडं म्हणतात, अजून हस्तांतरण यायचंय. मी पाटीचा अर्ज घेऊन गेलो आणि दोन्हीकडच्या साहेबांनी पहिल्याच भेटीत रस्ता आमचाच म्हणून सांगितलं. इतकं ममत्व मी त्या रस्त्यावर कुणी केलेलं पाहिलं नव्हतं. लगेच खडीचा विषय काढला, तर दोघांनाही व्हिडिओ कॉन्फरन्स होती.

शेवटी बांधकामवाल्यांच्या कनिष्ठ अभियंत्यांनी एक झेरॉक्स पुढं केली. रस्त्याकडेच्या जाहिरातींबद्दल भारतीय रस्ते काँग्रेस या रस्ते-इंजिनिअरांच्या संस्थेचं धोरण आहे, क्रमांक ४६, साल १९७२. बहात्तर म्हणजे आमच्याकडं दुष्काळाचं साल. आमचे वडील दुष्काळी कामावर खडी फोडून सुकडी खात होते तेव्हा दिल्लीत कुणीतरी हे लिहून ठेवलं, की जंक्शनपासून १०० मीटरच्या आत जाहिरात फलक नको. आमची डेअरी फाट्यापासून हाकेच्या अंतरावर. दुधाच्या गाड्या वळतात म्हणूनच तर ती तिथं बांधली.

"साहेब, पण ही जाहिरात नाही. दुधाचा दर सभासदांना कळवायचाय."

"म्हणजे सूचना फलक?"

"हो."

"स्वतःच्या इमारतीवर, स्वतःच्या सभासदांसाठी?"

"हो, साहेब."

"मग आमच्या परवानगीची गरजच नाही."

मी खुर्चीतून अर्धा उठलो. "तेवढं लेखी द्या."

साहेब दचकले. "गरज नाही असं लेखी कसं देता येईल? गरज आहे असं देता येतं."

त्या अर्ध्या उठलेल्या अवस्थेत मी बराच वेळ होतो.

मग क्लार्ककडून अर्जाचा नमुना मिळाला. हा कागद मी आजही जपून ठेवलाय. रकाना पहिला, फलकाची मापं. दुसरा, साहित्य: लाकडी, लोखंडी की कापडी. मी 'लोखंडी' वर खूण केली, कारण चौकट लोखंडी होती आणि 'दिवे' असा पर्याय नव्हता. शेवटचा रकाना: फलकावरील मजकुराचा नमुना, तीन प्रतीत.

"साहेब, मजकूर बदलता आहे. त्यासाठीच ही पाटी घेतोय."

"हरकत नाही. जो जो मजकूर येणार तो सगळा लिहा."

"उद्याचा दर मला आज कसा कळणार?"

"अंदाजे लिहा."

खरं सांगायचं तर हा प्रश्न त्या क्लार्कचा नव्हे आणि त्या साहेबांचाही नव्हे. पत्र्यावर रंगवलेली पाटी एकदा रंगवली की रंगवली. परवानगी पाटीला द्या किंवा मजकुराला, फरक पडत नाही. ही पाटी दर सेकंदाला नवीन. कचेरीला एक वस्तू मंजूर करायची सवय, आणि मी त्यांच्यापुढं ठेवत होतो एक तोंड. ते उद्या काय बोलेल याची हमी कोण देणार? मी दिली. पाचशेच्या बाँडवर, कारण शंभराचा आता चालत नाही. 'सदर फलकावर धार्मिक, राजकीय, आक्षेपार्ह अथवा भावना दुखावणारा मजकूर दाखविला जाणार नाही.' तरी आमच्याकडं भावना सगळ्यात जास्त दुखावतो तो दुधाचा दरच.

नमुन्यादाखल मी दोन मजकूर लिहिले. एक, 'दूध उत्पादक सभासदांचे हार्दिक स्वागत.' दोन, 'गाय दूध ३.५/८.५, आजचा दर ३२ रुपये.' त्या दिवशी दर तोच होता.

चेअरमनचा भाचा अमेरिकेत ओहायोला असतो. रविवारच्या फोनवर त्याला हे सगळं सांगितलं, तर तो म्हणाला, "मामा, इकडं पण सोपं नाही." त्याच्या काउंटीत गावाबाहेरच्या एका चर्चला अशीच पाटी लावायची होती, तर शेजाऱ्यांना नोटिसा गेल्या, जाहीर सुनावणी झाली, रात्री किती उजेड पडतो ते यंत्रानं मोजलं. महामार्गाकडेच्या अशा फलकांबद्दल तिकडच्या केंद्रीय महामार्ग खात्याचं २००७ चं पत्र आहे म्हणे, मजकूर साधारण आठ सेकंद न हलता राहावा. चेअरमन विचारात पडले. "आठ सेकंदात आपला धोंडी 'गाय' एवढंच वाचंल. दुधापर्यंत यायला दुसरा फेरा लागंल." पण मला मनातून त्या लोकांचा हेवा वाटला. त्यांना निदान पाटी म्हणजे काय ते ठाऊक होतं. उजेड किती, थांबायचं किती, असे प्रश्न तरी ते विचारत होते. आमच्याकडं अख्ख्या अर्जात उजेडाबद्दल एक अक्षर नव्हतं. तो प्रश्न फक्त धोंडीनानांनी विचारला होता, तोही म्हशीच्या वतीनं.

पुढची त्रुटी निघाली स्थिरता प्रमाणपत्राची. १३ मे २०२४ ला घाटकोपरला शंभर फुटांहून उंच फलक पेट्रोल पंपावर कोसळून १७ माणसं गेली. त्यानंतर असं प्रमाणपत्र कुणी मागितलं तर ते मागायलाच हवं, त्यात थट्टेचं काही नाही. फक्त आमचा फलक ३२ सेंटिमीटर उंच होता, आणि शिडीवरून तो आमचा वजनकाटेवाला एका हातानं धरणार होता. स्ट्रक्चरल इंजिनिअर फी घेऊन आले, भिंत ठोकली, चहा घेतला, आणि सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी १४० किलोमीटर वाऱ्यात पाटी टिकेल असं लिहून दिलं. डेअरीचा पत्रा टिकेल का असं मी सहज विचारलं. "तो माझ्या कामात नाही," ते म्हणाले. मी वर पाहिलं आणि गप्प बसलो.

सगळे कागद जमले तेव्हा मोठ्या क्लार्कनी शेवटचा प्रश्न विचारला. "तालुक्यात असं याआधी कुणाला दिलंय का? एखादी जुनी फाईल असेल तर बघून टिपणी टाकतो."

मी गाडी काढली आणि शोधायला निघालो. पाट्यांना तोटा नव्हता. मोबाइलवाला, बिअर शॉपी, दोन ढाबे, एक लॉज, एक दंतवैद्य, सगळे लाल-हिरवे पेटलेले. एका कमानीवर तर देवाचं नाव आणि खाली सौजन्य, दोन्ही आलटून पालटून पळत होतं. प्रत्येकाकडं उतरून मी परवानगीची झेरॉक्स मागितली. मोबाइलवाला हसला. बिअर शॉपीवाल्यानं मला पंचायत समितीचा माणूस समजून आधी बसायला खुर्ची दिली, मग आणखी काही देऊ केलं. ढाब्यावर उत्तर आलं, "कागद कशाला, वरून फोन आहे." बेकायदा फलकांवर मुंबई उच्च न्यायालयानं २०१७ साली कडक आदेश दिले, ती याचिका साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनची, म्हणजे या विषयावर आमच्याच भागातल्या माणसांनी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या आहेत. आणि मला अख्ख्या तालुक्यात विनापरवाना फलक रांगेनं दिसत होते, परवाना असलेला एकही सापडत नव्हता. तसं मी क्लार्कना सांगितलं. त्यांनी मान हलवली. "मग पहिला देणं अवघड आहे."

पुढं काय फिरलं कोण जाणे. बहुधा निवृत्तीला आलेल्या एका साहेबांनी शेवटच्या आठवड्यात टेबल मोकळं करताना सह्या केल्या, त्यात आमची फाईल सापडली. परवानगी आली! पत्रावर गोल शिक्का, खाली अटी. रात्री दहानंतर बंद ठेवावा. धोंडीनानांनी हे पत्र हातात घेऊन म्हशीला दाखवलं असं ऐकतो. आणि शेवटची अट: 'सोबत जोडलेल्या मंजूर नमुन्याव्यतिरिक्त अन्य मजकूर पूर्वपरवानगीशिवाय प्रदर्शित करू नये.'

मंजूर नमुना म्हणजे माझाच कागद, त्यावर शिक्का. 'आजचा दर ३२ रुपये.' तोवर दर २८ वर आला होता.

बातमी गावात माझ्याआधी पोहोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घालायला आलेल्या पहिल्या माणसानं किटली खाली ठेवली आणि म्हणाला, "सेक्रेटरी, सरकारनं बत्तीस मंजूर केलाय म्हणं. शिक्का हाय. मग तुमी अठ्ठावीस कुठल्या कायद्यानं देताय?" मी अट वाचून दाखवली. त्यानं ती पुन्हा वाचायला लावली आणि मागच्या दोघांना ऐकायला बोलावलं. चेअरमन तर आठ दिवस मळ्यातून गावात आले नाहीत.

आता पाटी लागलीय, झकास दिसते. संध्याकाळी सहा ते दहा 'दूध उत्पादक सभासदांचे हार्दिक स्वागत' उजवीकडून येतं आणि डावीकडं जातं. दर बदलण्याच्या परवानगीचा अर्ज मी दिलाय, पोच माझ्याकडं आहे. ऑडिटरनी बिल पाहिलं, परवानगी पाहिली, आणि 'सदर फलकाचा संस्थेस नेमका उपयोग काय' असा शेरा मारला.

परवा शेजारच्या गावच्या दूध संस्थेचे सेक्रेटरी आले. त्यांनाही पाटी लावायचीय. तालुक्याला गेले होते, तिथल्या क्लार्कनी आमचं नाव सांगून पाठवलं: तालुक्यातली एकमेव परवानगी, तिची झेरॉक्स आणा. गडी हात जोडून उभा होता. मी त्याला बसवलं, चहा सांगितला. मग कपाट उघडलं, फाईल काढली, पुन्हा आत ठेवली आणि म्हणालो, "अशी झेरॉक्स संस्थेनं याआधी कुणाला दिलीय का, ते बघावं लागेल."