डावीकडे बघा, उजवीकडे बघा

सांगलीहून मावशी आणि काका आले होते. आठ दिवस मुक्काम, त्यात एक दिवस "मुंबई दाखव की रे बाबा" हे ठरलेलंच. मी डोंबिवलीला राहतो, त्यामुळे मुंबई मलाही लोकलच्या दारातून दिसते तेवढीच माहीत. त्यात मावशीचे गुडघे गेलेले. म्हटलं, धक्काबुक्की नको, एसी बसचं मुंबई दर्शन घेऊन टाकू. माणशी साडेआठशे रुपये. टूरवाल्या इसमाने व्हॉट्सॲपवर अठरा ठिकाणांची यादी पाठवली. एका दिवसात अठरा! मला तिथंच शंका यायला हवी होती. रजा सोमवारचीच मिळत होती, म्हणून मुद्दाम विचारलं, सोमवार चालेल ना? म्हणाला, "चालेल काय साहेब, धावेल."

धावलीच बस. थांबायचं तेवढं विसरली.

सकाळी गेटवेला जमलो. यादीत पहिलं नाव घारापुरीची लेणी. काका इतिहासाचे मास्तर, निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी खिशात पेन असतं. त्यांना बाकी काही नको होतं, ती सहा मीटरची त्रिमूर्ती एकदा समोर उभं राहून बघायची होती. एवढ्यासाठी ते रात्रभर बसून आले होते. मी गाइडला विचारलं, लाँच कितीची? तर तो मोबाइलमधून मानही वर न करता म्हणतो, "आज सोमवार. लेणी बंद."

अरे माणसा! घारापुरी सोमवारी बंद असते हे मला माहीत नव्हतं, चूक माझी, मान्य. पण तू रोज हाच धंदा करतोस ना? पैसे घेताना सोमवार "धावत" होता, आणि गेटवेवर आल्यावर बसला? वर म्हणतो, बंदरात अर्ध्या तासाची चक्कर मारून आणतो, त्याचे वेगळे पैसे. म्हणजे लांबून बेट दाखवणार आणि त्याचेही घेणार.

आणि हे वारांचं लफडं तरी काय आहे? घारापुरी सोमवारी बंद, तारांगण सोमवारी बंद, राणीची बाग बुधवारी बंद. तारापोरवाला मत्स्यालय कोरोनात बंद झालं ते झालंच, पण यादीत सातव्या नंबरवर अजून पोहतंय. पाहुण्यांना घेऊन निघण्याआधी पंचांग बघावं लागतं या शहरात.

काका बिचारे काही बोलले नाहीत. गेटवेकडे बघत मला म्हणाले, "१९११ ला पंचम जॉर्ज उतरला तेव्हा ही कमान नव्हतीच. पुठ्ठ्याची करून उभी केली होती. खरी बांधून झाली १९२४ ला." म्हणजे पाहुण्याला चुना लावायची इथली परंपरा शंभर वर्षांच्या वरची आहे. फरक एवढाच की जॉर्जला निदान पुठ्ठा तरी मिळाला.

पुढचं "दर्शन" सगळं काचेतून. डावीकडे बघा, सीएसएमटी. उजवीकडे बघा, म्युझियम. बघा म्हणेपर्यंत खांब आडवा. मरीन ड्राइव्हला खाली उतरायचं म्हटलं तर "पार्किंग नाही." हाजी अलीला म्हणे "भरती आहे, रस्ता पाण्याखाली." आणि काचेतून आम्हाला दिसतंय की माणसं रांगेने त्या रस्त्यावरून दर्ग्याकडे चाललीत! सी-लिंकवर थांबता येत नाही, ते ठीक, नियम आहे. पण तो पूल यादीत एक ठिकाण, त्यावरून दिसणारा वरळीचा किल्ला दुसरं ठिकाण आणि "अरबी समुद्र" तिसरं, अशी तीन मोजल्यावर अठरा होणार नाहीत तर काय! जेवायला मात्र बस पाऊण तास थांबली. ते हॉटेल कोणाच्या मेव्हण्याचं होतं कोण जाणे.

पण मला खरा संताप कशाचा आला ते वेगळंच आहे.

मलबार हिलला हँगिंग गार्डनपाशी वीस मिनिटं उतरवलं. मावशी म्हातारीच्या बुटाकडे बघत बाकड्यावर बसून राहिली. चेहरा उतरलेला, ओठ सुकलेले. मी बाटली पुढे केली तर "नको रे, असू दे." दोनदा नको म्हणाली. मग लक्षात आलं, ती सकाळी डोंबिवलीहून निघाल्यापासून पाणीच प्यायली नव्हती. प्यायलं तर जायचं कुठं? बस थांबत नाही, आणि गाइडला, तिच्या मुलाच्या वयाच्या पोराला, विचारायची लाज. मे महिन्यात! ज्या बागेखाली अर्ध्या दक्षिण मुंबईचं पाणी साठवलेलं आहे, तिथं बसून बासष्ट वर्षांची बाई घोटभर पाणी टाळतेय. त्या टूरवाल्याने आमची बिनपाण्याने केली म्हणतात ती अशी.

मग बस गेली खड्ड्यात म्हटलं आणि तिला घेऊन शौचालय शोधायला निघालो. विचारत विचारत सापडलं. दारात टेबल टाकून बसलेल्याने तिच्याकडून पाच रुपये घेतले. माझ्याकडून घेतले नाहीत. का, तर "जेन्ट्स फ्री." बायकांना लघवीचे पैसे पडू नयेत म्हणून याच शहरात बायका २०११ पासून "राइट टू पी" म्हणून भांडतायत, आणि हा बाबा पाच रुपयांचं नाणं उलटंसुलटं करून बघतोय. आत नळाला पाणी नव्हतं. परत आलो तर गाइड घड्याळ दाखवतो, "काका लोकांनी वेळ पाळायला पाहिजे."

माझ्या तोंडून जे गेलं ते इथं लिहिता येणार नाही. मावशीनेच माझा दंड धरला.

घरी पोचलो रात्री साडेनऊला. चपला काढायच्या आधी ती स्वयंपाकघरात गेली आणि उभ्या उभ्या दोन तांबे पाणी प्यायली.

जेवताना मेसेज आला. "आपल्या सहलीच्या सुंदर आठवणी! कृपया फाइव्ह स्टार द्या." खाली फोटो, त्रिमूर्तीचा. मी फोन आपटणार होतो, तर काका म्हणाले, "थांब थांब, दे इकडे." चष्मा लावला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि भात गार होईपर्यंत बघत बसले.