लिहून देणार, लिहून घेणार

परवा दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात मी लोभी मुलगा ठरलो. ठरवणारा माणूस अनोळखी, आणि चहा माझ्या पैशांचा.

काकांच्या मृत्युपत्राच्या प्रोबेटपायी, म्हणजे ते खरं असल्याच्या कोर्टाच्या दाखल्यापायी, चुलत भावाने हायकोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. ते पाहून बाबांनी मुलुंडचा फ्लॅट जिवंतपणीच बक्षीसपत्राने मला द्यायचं ठरवलं. मुलाला राहतं घर बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क अवघं २०० रुपये. वकिलाची फी विचारू नका.

आमचं टोकन ४१, चालू होतं १२. बाकावर शेजारी पांढऱ्या सफारीतले एक गृहस्थ. "साक्षीला आलोय," म्हणाले. कोणाच्या, ते तीन तासांत कळलं नाही.

"काय साहेब, फ्लॅट देताय?"

"हो, मुलाला."

किडकं वांगं बाजूला काढावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सून नीट बोलते का?"

बाबा चक्क विचारात पडले!

"तहहयात राहायचा हक्क लिहिलाय? सांभाळायची अट? अट असली तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याचं कलम २३ आहे. पोराने नाही सांभाळलं तर प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा, बक्षीसपत्र रद्द. अट नसली, तर बसा बोंबलत."

"मुलगा चांगला आहे हो."

"सही होईपर्यंत सगळेच चांगले असतात."

मी तीन चहा सांगितले. तिसरा का, कोण जाणे. लाच असावी.

बाबांची ब्लडप्रेशरची औषधं, सोसायटीचा मेंटेनन्स, मोतीबिंदूचं ऑपरेशन, नऊ वर्षं सगळं मीच बघतोय. पण असल्या पावत्या खिशात घालून कोण फिरतं? आणि का फिरावं? दस्तात तर चक्क छापलं होतं, 'प्रेम व आपुलकीपोटी'. त्या सफारीने तेवढंही वाचलं नाही.

आमचा नंबर लागला, तर यंत्र बाबांचा अंगठा घेईना. पुसला, ओला केला, पुन्हा पुसला. चार वेळा लाल दिवा.

"मनातून नसेल द्यायचं," मागून सफारी.

अख्खी रांग हसली. ऑपरेटरसुद्धा. पाचव्यांदा अंगठा लागला, तोवर मी घामाने चिंब.

रिक्षात बाबा बराच वेळ गप्प होते. मग मोबाइल माझ्या हातात देत म्हणाले, "ते कलम तेवीस जरा वाचून दाखव रे. माझा चष्मा घरी राहिलाय."